काशीला कधी जावं

"काशीला जायला चांगले दिवस कोणते गं?" तात्यांनी मला विचारलं.

मी सोप्यात बसून तांदूळ निवडत होते. लग्न होऊन त्या घरात आल्याला मला सव्वीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात थोरल्या दिरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सांगितलेल्या गोष्टी हजार असतील, विचारलेली ही एकच. म्हणून मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी येऊन उभं राहिलंय का.

तात्या गुर्जर म्हणजे कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. कचेरी सुटली तरी कारकुनी सुटली नव्हती. घरात कोणी काय बोललं यापेक्षा ते कुठल्या विभक्तीत बोललं हे त्यांना आधी ऐकू यायचं. मी काशीची. ब्रह्माघाटावर आमच्या चार पिढ्या गेल्या. मराठी बोलायचो, पण तिला तिकडची फोडणी होती. नवी नवरी असताना मी एकदा "दही खट्टं झालंय" म्हणाले, तर तात्यांनी तो शब्द पुढे दोन वर्षं पंक्तीत वाढला.

त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज मऊ होता. हातात निळं अंतर्देशीय पत्र होतं.

"कुंदाच्या सासऱ्यांचं आहे," ते म्हणाले. "तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. मला बोलावलंय."

कुंदा त्यांची एकुलती एक लेक. पुण्याला संस्कृत शिकायला गेली आणि तिथे शिकायला आलेल्या त्रिपाठी नावाच्या काशीच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तात्यांनी तिचं नाव टाकलं. थोरल्या जाऊबाई त्याच झुरणीत गेल्या, तरी तात्यांनी कुंदाला तार केली नाही. बावीस वर्षांत बापलेकीत एक ओळ गेली-आली नव्हती. आता तात्या पंच्याहत्तरीला टेकले होते, पायऱ्या चढताना कठड्याला धरत होते, आणि लेकीला डोळे भरून पाहायचं एवढी एकच इच्छा उरली होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, पण घरात सगळ्यांना कळत होती.

त्यांनी मला पत्र वाचून दाखवलं. राष्ट्रभाषेच्या परीक्षा पहिल्या वर्गात दिल्याचा त्यांना अभिमान होता, त्यामुळे प्रत्येक 'है' वर ते जरा थांबायचे. शिवमंगल त्रिपाठींनी लिहिलं होतं, फाल्गुन कृष्ण तृतीयेला नातीचं लग्न योजलं आहे, छापील पत्रिका मागाहून पाठवू. शेवटी लिहिलं होतं की आमच्याकडे मुलीच्या लग्नात तिच्या आईला माहेरच्यांनी पाणी पाजायचं असतं आणि पिवळी साडी, पियरी, द्यायची असते; सूनबाईने आजवर काही मागितलं नाही, पण त्या दिवशी तिच्या पाठीशी कोणी नसलं तर बिरादरीत तिची मान खाली जाईल.

"लग्नाला तर जाणारच," तात्या म्हणाले, "पण आता एवढं जाणं होतंय तर काशीही नीट बघून घ्यावी. पुन्हा कुठलं जाणं होतं. तुझं माहेर तिथलं, म्हणून विचारतो."

मी सूप खाली ठेवलं आणि त्यांना नीट सांगितलं. आषाढ-श्रावणात जाऊ नये, गंगा चढते, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली असतात आणि नावा बंद. वैशाख-ज्येष्ठात लू चालते, दुपारी बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. कार्तिकात शोभा मोठी, पण पाऊल ठेवायला जागा नाही. पौष-माघात धुकं असं की समोरची नाव दिसत नाही, गाड्या आठ-आठ तास उशिरा, आणि ती थंडी या वयाला सोसायची नाही.

"होळी झाली की जे पंधरा दिवस येतात ना तात्या, ते खरे काशीचे. थंडी गेलेली असते आणि ऊन अजून तापायचं असतं. सकाळी घाटावर बसलं की उठावंसं वाटत नाही."

यातला एक शब्द खोटा नव्हता.

तात्या उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले आणि बोट फिरवत फाल्गुनावर आले. "फाल्गुन वद्य तृतीया. होळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. म्हणजे तू म्हणतेस त्याच दिवसांत. त्रिपाठींनी हवा बघूनच मुहूर्त काढलेला दिसतो."

"तसंच असेल," मी म्हटलं, आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

आता मला काय माहीत होतं ते सांगते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. तिकडे पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा कृष्ण पक्ष आधी येतो आणि शुक्ल नंतर. त्यांचा फाल्गुन कृष्ण म्हणजे आपला माघ वद्य. तिथी तीच, पक्ष तोच, महिना मात्र एक आधीचा. त्रिपाठींकडचं लग्न होळीनंतर नव्हतंच, होळीच्या तब्बल एक महिना आधी होतं. होळी झाली की तिकडे महिनाभर लग्नं लागतच नाहीत, हे काशीतलं शाळकरी पोरही सांगेल. मी जन्माची काशीची. मी एक वाक्य बोलले असते तर तात्या योग्य दिवशी लेकीच्या दारात उभे राहिले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं, आणि गिळताना मला बरं वाटलं.

तात्यांनी त्रिपाठींना स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, हिंदीतून: ठरल्या तिथीच्या दोन दिवस आधी हजर होतो. पत्र टाकायलाही स्वतःच गेले.

पौष सरत आला होता तेव्हा दुपारी पोस्टमनने दारातूनच हाक मारली. घरात मी एकटी होते. जाड गुलाबी लिफाफा, चारी कोपऱ्यांना हळद. आत पत्रिका, आणि पत्रिकेत तिथीशेजारी स्वच्छ छापलेलं: सात फेब्रुवारी.

इथपर्यंत मी फक्त गप्प होते. तात्यांची चूक तात्यांची, मी काय केलं, असं मनाला सांगता येत होतं. पत्रिका घेऊन मी माजघरात गेले, माझी लग्नातली ट्रंक उघडली आणि शालूच्या घडीत ती ठेवून दिली. ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मनाला टोचायला हवं होतं, असं आज वाटतं. त्या वेळी वाटलं नाही.

आठ दिवसांनी मी घरात जाहीर केलं की धाकट्या भावाने, दामूने, बोलावलंय, मी माहेरी जाऊन येते. माझ्या यजमानांनी मान डोलावली. ते आयुष्यभर मानच डोलावत आले. तात्या म्हणाले, महिनाभर थांबलीस तर माझ्याबरोबरच येशील. मी म्हटलं, होळीच्या सुमाराला घर सोडून मला कसं जमायचं.

"मग जा. पण कुंदाच्या दारात जाऊ नकोस. बापाच्या आधी काकू जाऊन उभी राहिली तर ते दिसायला बरं नाही."

मी बरं म्हटलं.

काशीत धुकं होतं तसंच होतं. दामू स्टेशनवर कानटोपी घालून उभा होता. त्याला मी वाटेतच सांगितलं, लग्नाला आपण दोघं जायचंय, मामा म्हणून तू उभं राहायचंस. दामूने विचारलं, तात्या नाही येणार? मी त्याला चौकात थांबवलं आणि आधी पिवळी साडी घेतली.

त्रिपाठींच्या घरी पोचलो तेव्हा मांडव घातलेला होता. कुंदा अंगणात उभी होती, केस पिकलेले, तोंडात तिकडची बोली. मला पाहिल्यावर तिचा चेहरा फुलला आणि लगेच तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे फाटकाकडे गेली. तिथे दामू होता, दुसरं कोणी नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी दोन दिवस स्टेशनवर माणूस पाठवला होता. कऱ्हाडहून समधी, म्हणजे व्याही, येणार म्हणून पुढची खोली रिकामी करून ठेवली होती, खाटेवर नवी गादी घातली होती. बावीस वर्षं ज्या सुनेच्या माहेराबद्दल बायका कुजबुजत आल्या, तिचा बाप येणार हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

कुंदाने मला त्याच खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी वीस वर्षांची आणि ही सोळाची. काकू-पुतणीपेक्षा आम्ही मैत्रिणीच होतो. त्या घरात माझ्या बोलण्याला न हसणारी ती एकटी.

"काकू, तात्या तिथीत तर फसले नाहीत?" तिने विचारलं. "आपल्याकडे महिना वेगळा मोजतात. मी बाबूजींना म्हटलं होतं, तारीख घाला. त्यांना सवय नाही."

तिला सगळं कळत होतं. बावीस वर्षं काशीत काढलेली बाई ती. मी "हो" म्हटलं असतं तर ती तिथेच हसली असती. तार गेली असती, तात्या निदान वरातीनंतर तरी पोचले असते, आणि आयुष्यभर ती गोष्ट दोघांनी हसून सांगितली असती.

"छापील पत्रिका पाठवली होतीस ना?" मी विचारलं.

"हो, तिच्यात तारीख होती."

"ती पोचली. मी स्वतः पोस्टमनकडून घेतली."

यातलाही एक शब्द खोटा नव्हता. कुंदा खाटेवर बसली. हाताने गादीवरची सुरकुती सारखी करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तारीख कळूनही नाही आले." मी ते खोडलं नाही. ती उठली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बरं. मग तू आणि दामूमामा बसा. पाणी तुम्हीच पाजा."

आम्ही पाजलं. दामूने तिच्या ओंजळीत पाणी घातलं, मी तिच्या खांद्यावर पियरी टाकली. बायकांनी गाणी म्हटली. कुंदाची मान खाली गेली नाही, एवढं मात्र मी सांभाळलं. मला तिच्याशी वैर नव्हतं. पण ज्याच्याशी होतं, त्याच्यापर्यंत पोचायला तिच्यावाचून दुसरी वाट नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी दामूला घरी पाठवलं आणि एकटी अस्सीकडच्या एका मठात जाऊन बसले. तिथे मी पंचवीस वर्षांपूर्वी एकदा आले होते.

तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आई आधीच गेली होती. बाबांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, बाळ, माघ कृष्ण पंचमीला मी संन्यास घेतो आहे. गुरूंची आज्ञा झाली. त्या दिवसानंतर मी कोणाचा बाप नाही आणि कोणी माझं लेकरू नाही, म्हणून त्याआधी एकदा येऊन जा. तुझ्या हातची खीर खाऊन मग घर सोडीन.

पत्र तात्यांनी फोडलं, तात्यांनी वाचलं आणि तात्यांनीच दिनदर्शिका पाहिली. माघ वद्य पंचमीला अजून पाच आठवडे होते. संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी नवी सून, तरी पदर सावरून सगळ्यांसमोर म्हटलं, आमच्याकडे कृष्ण पक्ष आधी येतो, बाबांची पंचमी याच आठवड्यातली आहे, मला आजच्या गाडीने जाऊ द्या. तात्या हसले. घरात दहा माणसं होती, तीही हसली. माझे यजमानही हसले.

"महिना आधी संपतो आणि मग सुरू होतो होय तुमच्याकडे?" तात्या म्हणाले. "दही खट्टं, तशी तिथीही खट्टी."

मी सहा दिवस रोज विचारलं. सहाव्या दिवशी त्यांनी मला ताटावरून उठवलं, म्हणाले, पंचांग घरातल्या पुरुषांनी बघायचं असतं. तात्यांच्या हिशोबाने मी गेले ती चार आठवड्यांनी. दामूने मला याच मठात आणलं. बाबा ओसरीवर बसले होते. डोकं केलेलं, अंगावर भगवं, पुढे प्रसादाची परडी. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं रांगेतल्या कोणाकडेही पाहावं, आणि म्हणाले, "माई, प्रसाद घ्या." मी बत्ताशे घेतले. मागे रांग होती. मी पुढे सरकले.

ते पुढे आठ वर्षं जगले. दामू त्यांना लांबून बघायचा. मी पुन्हा गेले नाही. त्यांनी ओळखलं नाही की ओळख दाखवली नाही, हे मला आजही माहीत नाही.

कऱ्हाडला परत आल्यावर मी तात्यांना एवढंच म्हटलं होतं की पंचमी आधीचीच होती. तात्या म्हणाले, तुझ्या वडिलांनी घाई केली, त्याला पंचांग काय करणार. संपलं. त्या माणसाने आपली चूक तेव्हाच कबूल केली असती, निदान कोणाला गुपचूप विचारून घेतली असती, तर पंचवीस वर्षांनी तोच खड्डा त्याला दिसला असता. मी खड्डा खणला नाही. मी फक्त त्यांना त्याच वाटेने जाऊ दिलं.

मी परतले तेव्हा तात्या बॅग काढून बसले होते. कुंदासाठी इरकली साडी, पिवळीच. नातीसाठी चांदीचं निरांजन, साताऱ्याचे कंदी पेढे. मला विचारलं, हवा कशी होती. मी म्हटलं, आता उघडतेय, तुम्ही जाल तेव्हा सोनं असेल. माझा मुलगा त्यांना कल्याणला गाडीत बसवून आला.

एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली नव्हती. आपल्याकडे रंग पंचमीला खेळतात, काशीत होळीच्या दुसऱ्याच दिवशी. तात्या तिथीच्या दोन दिवस आधी पोचले ते बरोबर त्या दिवशी. पुढचं मला दामूच्या पत्रातून कळलं. पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी घातलेला म्हातारा गल्लीगल्लीतून रंगात न्हाऊन त्रिपाठींच्या दारात उभा राहिला. मांडव कुठे आहे, असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं. कुंदाने दार अर्धंच उघडलं होतं. ती म्हणाली, लग्न होऊन महिना झाला, मुलगी सासरी नांदतेय. तात्या म्हणाले, तिथीचा घोटाळा झाला. ती म्हणाली, पत्रिका पोचली होती, काकूने हातात घेतली होती, काकूच आली होती पाणी पाजायला. तात्यांनी नुसती साडीची पिशवी पुढे केली म्हणे. कुंदाने ती घेतली नाही. तिने त्यांना पाणी विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं, आणि तात्या न पिता पायऱ्या उतरले. सहा दिवस धर्मशाळेत राहिले. दामूला दोनदा घाटावर दिसले, सकाळच्या उन्हात नुसते बसलेले.

मी ते पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं.

काशीहून परतलेल्या माणसाला मावंदं घालावं लागतं. गंगेची पूजा करायची, चार माणसांना जेवू घालायचं आणि तीर्थ वाटायचं. तात्या आल्यापासून आजारी माणसासारखे पडून होते, पण गावाला ठाऊक होतं की ते काशीला आणि नातीच्या लग्नाला गेले होते. पाडव्याच्या आधी दोन दिवस मावंदं ठरलं. दुपारी वीसेक पानं मांडली. कचेरीतले जुने मित्र, शेजारी, आमची घरची माणसं. वाढायला मी.

पहिला भात झाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, तात्या, लग्न कसं झालं ते सांगा. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. आणि तात्या बोलायला लागले. वरात केवढी होती, सनई कशी होती, त्रिपाठींनी त्यांना कसं पाटावर बसवलं. नात कशी आजीच्या वळणावर गेली आहे. "कुंदा माझ्या गळ्यात पडून रडली," ते म्हणाले. "मीच तिला पाणी पाजलं. तिकडे पद्धत आहे तशी."

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होते, हे त्यांना ठाऊक होतं. पत्रिका कुठे गेली, हेही ठाऊक होतं. ते माझं नाव घेऊ शकत होते. पण मग स्वतःची तिथी सांगावी लागली असती. त्यापेक्षा त्यांना हे खोटं परवडत होतं. आणि त्या नजरेत ते माझ्याकडे गप्प राहण्याची भीक मागत होते. मला पंचवीस वर्षांपूर्वीची ती दहा हसणारी माणसं आठवली. त्यातली निम्मी या पंक्तीत बसली होती.

मी वरणाचं भांडं घेऊन त्यांच्या पानापाशी थांबले.

"तात्या," मी विचारलं, "लग्न कुठल्या तिथीला झालं?"

तात्यांचा हात पानावरच राहिला.

"काय गं हे," माझे यजमान म्हणाले. "फाल्गुन वद्य तृतीयेला. सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्हाला नाही विचारलं. तात्यांना विचारलंय."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले होते. पंक्तीतले लोक जेवायचे थांबले. तात्यांनी पानातला भात बाजूला सारला. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, कचेरीत जबाब लिहून देतात तसं.

"फाल्गुन कृष्ण तृतीया. म्हणजे आपली माघ वद्य तृतीया. मी पोचलो तेव्हा लग्न होऊन महिना झाला होता. मी काही पाहिलं नाही."

माझे यजमान माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही बाबांचं पत्र आठवलंय.

"तिची पंचमी बरोबर होती," तात्या त्यांना म्हणाले. "तेव्हाची. मी चुकलो होतो."

मी वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी तात्या माजघराच्या दाराशी आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "अन्नपूर्णे, कुंदाला एक पत्र लिही. मी लिहिलं तर ती फोडणार नाही. तू लिहिलंस तर मानेल. पत्रिकेचं काय लिहायचं ते तुझं तू ठरव."

"लिहिते," मी म्हटलं.

आणि मी लिहिलं. त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत. सगळं लिहिलं. पत्रिका ट्रंकेत ठेवली ते, खोलीत तिला काय सांगितलं ते, बाबांचं आणि पंचमीचं. तात्या तारीख कळूनही आले नाहीत असं नाही, त्यांना मी कळू दिली नाही, असं स्वच्छ लिहिलं. वर तारीख घातली, पाकीट चिकटवलं, पत्ता घातला.

पण टाकलं नाही. मी ठरवलं, एक महिना थांबायचं. मला एक महिना उशीर झाला होता, त्यांच्याही वाट्याला एक यावा. लग्नाच्या वेळचा तो त्यांच्या चुकीचा होता. हा माझा.

दुसऱ्या दिवसापासून तात्या पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायला लागले. तो पुढे गेला की आत येऊन विचारायचे, उत्तर आलं का. मी म्हणायची, काशीचं टपाल, वेळ लागतो. ते मान डोलवायचे. रोज विचारायचे, रोज तसंच, आवाज न चढवता. एकदा म्हणाले, पत्ता नीट घातला होतास ना. मी म्हटलं, हो.

सतराव्या दिवशी ते ओट्यावरच गेले. पोस्टमन यायचा होता.

कुंदा तार मिळाल्यावर निघाली. दहावा झाला होता तेव्हा पोचली. दारातच माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, तूच काय ती उरलीस गं मला. मला ते सोसलं नाही. तात्यांचं मला आजही वाईट वाटत नाही, पण तिचे हात माझ्या पाठीवर होते ते मला सोसले नाहीत. मी ट्रंक उघडली आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

ती खिडकीपाशी उभी राहून वाचत होती. चार पानं. शेवटचं पान वाचून झाल्यावर तिने पुन्हा पहिलं वर घेतलं आणि वरची तारीख पाहिली. मग मोजलं. तिचे ओठ हलताना मला दिसले.

"हे लिहून झाल्यावर तात्या सतरा दिवस होते," ती म्हणाली.

"हो."

तिने पानं घडी करून पाकिटात घातली आणि पाकीट खिडकीत ठेवलं.

"तुम्ही हे टाकलं का नाहीत?" तिने विचारलं.

कुंदाने मला त्याआधी कधीही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.